खंबाटकी घाटाच्या पायथ्याच्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका, नमस्कार.

18 मे 2024, शनिवारची दुपार. बॉनेटमधून वाफा येणारी गाडी, मागच्या सीटवर घामाघूम झालेली माझी आई आणि रडकुंडीला आलेली मी. तुमच्या दारात अशा किती गाड्या येत असतील, पण मला ती दुपार विसरता येत नाही.

त्याआधी दोन महिने पुण्यातल्या दोन गॅरेजांत हेलपाटे घालून मी थकले होते. एकाने थर्मोस्टॅट बदलला. दुसऱ्याने रेडिएटर धुतला, वॉटर पंप नवा घातला. तरी कात्रजच्या चढाला तापमानाचा काटा वर जायचाच. शेवटी त्याने बॉनेटही न उघडता ‘हेड गॅस्केट गेलंय, 35 हजार धरून चाला’ असं सांगितलं, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील गेलंय. एवढे पैसे मोजले, पण गाडी नेमकी कधी तापते, हे मला कुणी विचारलं नाही.

तुमचा पहिला प्रश्न तोच. “ताई, सिग्नलला उभी असताना तापते की चढाला?” मी घाईने रेडिएटरचं झाकण उघडायला गेले, तर मनगट धरून मागे ओढलंत. “तोंडावर उडेल. मावशींना आधी सावलीत बसवा.” मग फडकं गुंडाळून वरचा होज पाईप दाबलात आणि मलाही दाबायला लावलात. इंजिन एवढं तापलेलं आणि पाईप मऊ! “दाबच धरत नाही बघा.” दाबाखाली पाणी 120 डिग्रीच्या जवळपासपर्यंत उकळत नाही, दाब गेला की 100 लाच उकळतं आणि बाहेर पडतं, हे मला तिथे पायरीवर बसून कळलं. गाडी निवल्यावर झाकण काढून माझ्या तळहातावर ठेवलंत. आतल्या रबराला नखाएवढी चीर. ऑइल तपासलंत, बुडबुडे येतात का पाहिलंत. गॅस्केट शाबूत होतं. नवं झाकण आणि कूलंट मिळून 450 रुपये.

पण मी लिहितेय ते झाकणासाठी नाही.

“घाट चढेल ना हो?” असं मी तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत तुम्ही पोराला दुकानात बसवलंत, मोटरसायकलला किक मारलीत आणि म्हणालात, “चला, मी मागे आहे.” पूर्ण घाट आरशात तुमचा निळा शर्ट दिसत होता. तो रस्ता एकेरी, मधून माघारी फिरता येत नाही, हे मला माहीत होतं. म्हणजे तुम्हाला पार खाली वेळे गावापर्यंत उतरून बोगद्यातून परत जावं लागणार, तेही भर उन्हात. समोरच्याच्या पोटातली भीती ओळखून तिच्यासाठी स्वतःची दुपार देणारी माणसं आहेत, काका, आणि आमच्यासारख्यांचे प्रवास त्यांच्या जिवावर होतात.

खाली उतरल्यावर खिडकीतून वाकून काटा पाहिलात. निम्म्यावर होता. पेट्रोलचे पैसे पुढे केले तर आईला हात जोडून निघूनही गेलात. नाव विचारायचं राहिलं.

आम्ही संध्याकाळी कराडला पोचलो. मामाने आईला ओळखलं, दोघं रात्रभर बोलत बसली. नंतर आठच दिवसांनी तो गेला.

पुढच्या महिन्यात पुन्हा त्या वाटेने जायचंय. आईने तुमच्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतलीय. दुपारी दुकानात असाल ना?