वखारीतल्या काकांना, पाईनच्या गोणीबद्दल

स. न. वि. वि.

काका, भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात रंध्याच्या मशीनखाली जे साठतं, ते सहसा एकाच ढिगात लोटलं जातं. साग, प्लाय, एमडीएफ (गोंद घालून दाबलेल्या भुशाची फळी), माल ठेवायची मोडलेली लाकडी पॅलेट, सगळं एकत्र. तुम्ही पाईनच्या ढलप्या वेगळ्या गोणीत भरता आणि वर खडूने ‘पाईन’ लिहिता. तुमच्या लेखी दोन मिनिटांचं काम. पुण्यात अंगणात, गच्चीवर बदकाची पिल्लं वाढवणाऱ्या आम्हा मंडळींचं ब्रूडरचं, म्हणजे पिल्लांच्या उबेच्या खोक्याचं, अर्धं काम तिथेच उरकतं. त्या गोणीचं पुढे काय होतं हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून हे आभाराचं पत्र.

कोंबडीच्या पिल्लांच्या खोक्यात ओल अधूनमधून होते, बदकांच्या खोक्यात ती रोजचीच. पाणी प्यायचं, चोच झटकायची, तीच ओली चोच भुशात खुपसायची, पुन्हा पाण्याकडे. दिवसभर हाच उद्योग. त्यात शीट पातळ. ओल्या भुशातून अमोनिया सुटतो, दिव्याच्या उबेत बुरशी धरते आणि पोटाखालची लव भिजून पिल्लू गारठतं. बदक असून भिजतं कसं, असं लोक विचारतात. आईच्या पिसांचं तेल पिल्लाच्या लवेला लागतं, म्हणून पाणी ओघळून जातं. खोक्यातल्या पोरक्या पिल्लाला ते तेल मिळत नाही.

म्हणून खाली काय अंथरायचं, हा पहिला प्रश्न. वर्तमानपत्र सगळ्यांत वाईट. ओलं झालं की गुळगुळीत होतं, पाय दोन बाजूंना फाकतात आणि काही दिवसांत ते तसेच राहतात. लवकर लक्षात आलं, तर मऊ पट्टीने दोन्ही पाय नेहमीच्या अंतरावर सैल बांधून सुधारता येतात. उशीर झाला की अवघड. मावळातल्या गिरण्यांतून भाताचं तूस मुबलक मिळतं, पण ते पाणी फारसं शोषत नाही. करवतीचा बारीक भुसा पाणी चांगलं शोषतो, पण उडतो, नाका-डोळ्यांत जातो, आणि पिल्लं तो खाद्य समजून गिळतात. उसाच्या चोथ्याला भिजल्यावर बुरशी फार लवकर धरते. रंध्याची ढलपी रुंद असते, गिळायला सोपी नाही, पायाला पकड देते आणि पाणीही पिते. बोटाच्या पेराएवढी असेल तर उत्तम.

आता खरी अडचण. ढलपी कुठल्या लाकडाची, हे गोणीत हात घालून आम्हाला कळत नाही. ते रंध्यावर उभ्या माणसालाच ठाऊक. आपल्याकडे खोक्याच्या कुठल्याही फळकुटाला सरसकट ‘देवदारी’ म्हणतात, हा घोळ त्यातलाच. खऱ्या देवदाराच्या लाकडात उग्र वासाचं तेल असतं आणि बंद, गरम खोक्यात त्याची वाफ पिल्लांच्या श्वासनलिकेला झोंबते. वाळवलेला पाईन चालतो, देवदार नाही. प्लाय आणि एमडीएफमध्ये फॉर्मल्डिहाइडचा गोंद, वाळवीचं औषध मारलेल्या लाकडात विष. पॅलेटचं लाकूड असेल तर शिक्का पाहायचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडचा धूर दिलेलं. दुसरं आम्हाला नको. तुम्ही ते न सांगता वेगळं काढता आणि गोणीवर चुंबक फिरवता, त्याचं मोल मोठं आहे. चमकणारा खिळ्याचा तुकडा दिसला की बदकाचं पिल्लू तो गिळणारच. त्याला चकाकणारं काहीही सोडवत नाही.

गोणी घरी आली की असं चालतं. पहिले तीन-चार दिवस ढलपीवर जुन्या सुती चादरीचा तुकडा अंथरतो, पिल्लांना खाद्य कोणतं हे कळेपर्यंत. टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात. दहा पिल्लांना तीन फूट बाय दोन फुटांचं खोकं पहिल्या आठवड्यापुरतं पुरतं. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लामागे एक चौरस फूट तरी धरायचा. थर दोन इंचांचा. या खोक्याला साधारण अठ्ठावीस लिटर ढलपी लागते, म्हणजे दोन बादल्यांना थोडी कमी. पाण्याचं भांडं अर्ध्या इंची जाळी लावलेल्या ट्रेवर ठेवतो, सांडलेलं पाणी खाली उतरतं. निम्मी ओल इथेच वाचते, आणि हे न करता नुसता भुसा बदलत बसणारे दमतात. पाणी नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, नाहीतर नाक आणि डोळे चिकटतात. पण आत चढता येईल एवढं रुंद नको.

सकाळ-संध्याकाळ ओला भाग उचलून तिथे कोरडी ढलपी. मूठभर घेऊन दाबायची: गोळा तसाच राहिला तर फार ओली, मूठ उघडताच सुटली तर ठीक. आणि नाक खोक्यात, पिल्लाच्या उंचीवर नेऊन वास घ्यायचा. उभ्याने घेतलेला वास फसवतो.

दिव्याखाली पहिल्या आठवड्यात बत्तीस अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. डिसेंबरात पुण्याची रात्र दहा-बारा अंशांवर येते तेव्हा बल्ब हवाच, मे महिन्याच्या दुपारी तोच बल्ब जीव घेईल. पिल्लं दिव्याखाली एकमेकांवर चढली तर थंडी, कडेला जाऊन धापा टाकत असली तर उकाडा. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. ढलपी पटकन पेट घेते, म्हणून दिवा साखळीने, दुसऱ्या आधारासह, दीड फूट उंच टांगलेला. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या.

पावसाळ्याबद्दल एक सांगायचंच होतं. भिजलेली ढलपी उन्हात वाळवून वापरायची सवय अनेकांना आहे. दिसायला ती कोरडी होते, पण ॲस्परजिलस बुरशीचे बीजाणू तसेच राहतात आणि ढलपी हलवली की उडून पिल्लांच्या फुप्फुसात जातात. चोच उघडी टाकून धापा सुरू झाल्या की उपाय फारसा उरत नाही. तुमच्या वखारीतली गोणी फळीवर, जमिनीपासून वर ठेवलेली असते आणि कुबट वास आला तर तुम्ही ती देतच नाही. त्याबद्दल वेगळे आभार.

एक विनंती. जुलै-ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या गोणीत आत घाम सुटतो, तेव्हा तागाच्या गोण्या वापरता आल्या तर बरं. गोण्या आम्हीच आणू. रिकाम्या झाल्या की धुऊन, झटकून परत करू. बदकांच्या खोक्याजवळ नेलेल्या मात्र परत आणणार नाही, त्या वाफ्यांवर कुजतील.

कळावे, लोभ आहेच.

आपले,
पुण्यातले बदकं पाळणारे