बुधवारी संध्याकाळी मी फोन का उचलत नाही

लीड्स, रविवार

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

बुधवारी संध्याकाळी मी फोन उचलत नाही, उचललाच तर नीट बोलत नाही, असं तू दादाकडे बोललीस. त्याने तुला कारण सांगितलं आणि आता तुझा जीव टांगणीला लागलाय. फोनवर बोलायचं तर तुझा स्पीकर चालू असतो आणि शेजारच्या काकूही येऊन बसलेल्या असतात, म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

हो, मी दर बुधवारी थेरपिस्टकडे जाते, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलून उपचार करणाऱ्या बाईंकडे. मला वेड लागलेलं नाही, नोकरी व्यवस्थित चालू आहे, आमच्या दोघांत भांडण नाही. बाबा गेल्यापासून मला रात्री झोप लागेना. मग ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये छातीत धडधड, हाताला मुंग्या, आता आपण काही वाचत नाही असं वाटायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइडही पाहिलं. सगळं नॉर्मल निघालं. मग त्यांनी दोन छोट्या प्रश्नावल्या भरायला दिल्या, उदासी मोजणारी पीएचक्यू-९ आणि काळजी मोजणारी गॅड-७. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, काळजी आवरत नाही असं किती दिवस झालं, असले प्रश्न. ते पाहून ते म्हणाले, गोळ्यांच्या आधी बोलून बघा.

इंग्लंडमध्ये सरकारी सेवेत हे फुकट मिळतं. नाव आपलं आपण नोंदवता येतं, डॉक्टरांची चिठ्ठीसुद्धा लागत नाही. पण तिथे भेटी मोजून मिळतात आणि मला मुदत घालून घ्यायची नव्हती. म्हणून खासगी. ५० मिनिटांचे ६५ पौंड. याचे रुपये करत बसू नकोस, पोटात गोळा येईल. आम्ही बाहेरचं जेवण बंद केलंय आणि त्यात बरंचसं भागतं.

माणूस निवडताना मात्र मी फार चौकशी केली. इथे ‘सायकोथेरपिस्ट’ अशी पाटी कायद्याने कुणालाही लावता येते. म्हणून बीएसीपी किंवा यूकेसीपी या थेरपिस्टांच्या संस्थांच्या यादीत नाव आहे का ते आधी बघायचं. ती यादी इंटरनेटवर सगळ्यांना खुली असते. मग फोनवर थोडं बोलून घ्यायचं. एकीने ‘चार भेटींत बरं करते’ असं ठासून सांगितलं. तिच्याकडे मी गेलेच नाही. मन कधी जाग्यावर येईल याची हमी कोण देणार?

मी जिच्याकडे जाते त्या बाई पन्नाशीच्या आहेत. लाल विटांच्या त्यांच्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीतच भेटतात. बाहेर बोर्ड नाही, वेटिंग रूम नाही, त्यामुळे वेळेच्या आधी बेल वाजवायची नाही. आत टेबल नाही. दोन खुर्च्या, पण अगदी समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या ठेवलेल्या, म्हणजे वाटलं तर खिडकीबाहेर बघत बोलता येतं. घड्याळ दोघींना दिसेल असं. पहिल्या दिवशी त्यांनी दोन पानी करार वाचून दाखवला. मी बोलेन ते बाहेर जाणार नाही. माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, किंवा एखाद्या लहान मुलाला इजा होतेय असं कळलं, तरच त्या दुसऱ्यांना सांगतील, आणि शक्यतो मला विचारून. त्यांच्याही वर एक अनुभवी थेरपिस्ट असतात, त्यांच्याशी त्या आपल्या कामाबद्दल बोलतात, पण माझं नाव न घेता. ४८ तास आधी न कळवता गैरहजर राहिलं तर पूर्ण पैसे. मला हे कोरडं वाटलं होतं. आता वाटतं, हे सगळं इतकं स्वच्छ ठरलेलं असतं म्हणूनच तोंड उघडता येतं. तिथे मला कुणाचं मन राखायचं नसतं.

त्या गोळ्या देत नाहीत, तो त्यांचा अधिकार नाही. सल्लाही देत नाहीत. तुला हे पटणार नाही, मलाही सुरुवातीला राग यायचा. पैसे घेऊन नुसतं ऐकायचं? पण त्या नुसतं ऐकत नाहीत.

एकदा मी त्यांना बाबांच्या दहाव्याचं सांगितलं. कराडचा संगम, पिंड ठेवलेला, कुणीतरी मोबाइल धरलेला आणि मी इथे पहाटे अंधारात स्क्रीनकडे बघत बसलेली. कावळे झाडावरून हलेनात. आपण सगळे कावळ्याकडे का बघतोय हे त्यांना समजावून सांगावं लागलं. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, मग घरचे एकेक शब्द देतात. दादा म्हणाला, आईला एकटं ठेवणार नाही. काकांनी शेताचं सांगितलं. काही नाही. मग दादा म्हणाला, धाकटीची काळजी मी घेईन, आणि शिवला. हे मी हसत हसत सांगत होते, आमच्याकडे असं असतं म्हणून. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘तुम्हाला तिथे काही शब्द द्यायचा होता का?’

मला बोलताच आलं नाही. वेळ संपेपर्यंत रडले. आपल्याकडे रडणाऱ्याला लगेच पाणी देतात, पाठीवर हात फिरवून ‘गप, रडू नको’ म्हणतात, मायेनेच. त्यांनी थांबवलं नाही. त्या संध्याकाळी घरी आले तर अंगात त्राण नव्हतं. अशा दिवशी मी तुझ्याशी काय बोलणार? सुरुवातीचे काही आठवडे तर जास्तच जड जातात, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आता झोप लागते, रोज नाही, पण लागते. ट्रेनमध्ये धडधड सुरू झाली तरी ती ओसरते हे कळलंय, त्यामुळे मधल्याच स्टेशनवर उतरत नाही.

तुझ्याबद्दल बोलते का, असं तू दादाला विचारलंस. हो, बोलते. तुझी उणीदुणी काढायला नाही. पण बाबांना आयसीयूत हलवलं ते तुम्ही मला दुसऱ्या दिवशी कळवलंत, मी एकटी घाबरेन म्हणून. त्याचा मला राग आहे, आई. तिथे तो बोलून झाला म्हणूनच आज तुला लिहिता येतोय. मला तुझ्याकडून खुलासा नकोय. तुला माहीत असावं, एवढंच.

आणि आता तुझं. पहाटे तीनला उठून तू भांडी लावत बसतेस, असं वहिनी सांगत होत्या. १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलतात. आधी तिथे बोल. प्रत्यक्ष कुणाकडे जायचं ठरलं तर दादाला शिक्षण आणि नोंदणी बघायला सांग. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे बोलून उपचार करणारे, असतील तर आरसीआय या सरकारी संस्थेची नोंदणी असायला हवी. ते गोळ्या देत नाहीत, त्या सायकियाट्रिस्ट, म्हणजे मनाचे डॉक्टर, देतात. फी किती, किती दिवसांनी यायचं, हे पहिल्याच भेटीत विचारून घे, संकोच करू नकोस. नाही पटलं तर दुसरीकडे जाऊ, त्यात कुणाचा अपमान नाही. वहिनींना सोबत ने, पण आत एकटी जा. त्या बाहेर बसतील, त्यांना वाईट वाटणार नाही, मी बोललेय त्यांच्याशी.

तुझी,
धाकटी