खर्चाला आडवे आलेल्या मेस्तकाकांना

आदरणीय मेस्तकाका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या तोंडावर आभार मानायची सोय नाही. "बरें, बरें" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या, दुरुस्तीला आलेल्या व्हायोलिनकडे वळता. म्हणून लिहून टाकतो, आणि उघडच लिहितो. गोव्यात स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेऊन तिला सुधारत बसलेली पोरं बरीच आहेत, पण "हे विकत घेऊ नको" असं सांगणारा माणूस त्यांतल्या फार थोड्यांच्या वाट्याला येतो. माझ्या वाट्याला तुम्ही आलात.

आमचं घर पेटीवाल्यांचं. भजनाला पेटी, सप्ताहाला पेटी, आणि कुणाचं नाटक बसत असेल तर तालमीलाही आमचीच पेटी. मला मात्र अभंग इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायचे होते, तेही तार खेचून मींड घेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत. डिचोलीत हे ज्याला सांगितलं तो हसला. तुम्ही हसला नाहीत. "घरी कुठल्या पट्टीत गातात?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, काळी एक. त्यावरून जितेंद्र अभिषेकींचा विषय निघाला, मंगेशीपासून निघून पार नाट्यसंगीतापर्यंत पोचला, आणि गिटारचं बोलणं त्या दिवशी राहूनच गेलं. म्हापशाहून परतताना बसमध्ये वाटलं, माणूस कामाचा आहे.

खरेदीच्या वेळी माझ्या खिशात दहा हजारांच्या आतलीच रक्कम होती आणि डोक्यात नावं: यामाहाची पॅसिफिका, फेंडरच्या घरातली स्क्वायर, आयबानेझची जिओ. तुम्ही एकालाही वाईट म्हटलं नाहीत. स्क्वायर १९८२ पासून आणि पॅसिफिका १९९० पासून बाजारात आहे, उगाच टिकल्या नाहीत, असंच म्हणालात. पण पुढे जोडलंत की एवढ्या पैशांत वापरलेली बघ, आणि हेडस्टॉकवरचं (टोकाच्या खुंट्यांच्या फळीवरचं) नाव वाचण्याआधी नेक, म्हणजे गिटारची मान बघ. पर्वरीला एक विद्यार्थी शिक्षण संपवून गाव सोडत होता, त्याची फेंडरच्या स्ट्रॅटच्या आकाराची गिटार बघायला तुम्ही स्वतः आलात. बंदुकीचा नेम धरावा तशी ती डोळ्याला लावून हेडस्टॉककडून नेकच्या कडेवर नजर टाकलीत. नेक पिळवटलेला असेल तर तिथेच कळतं, आणि पिळवटलेल्या नेकला स्वस्तातला इलाज नसतो. मग ॲलन की (षटकोनी किल्ली) घालून ट्रस रॉडचा, म्हणजे नेकचा बाक सांभाळणाऱ्या आतल्या सळीचा, नट दोन्ही बाजूंना जरासा फिरवून पाहिलात, कारण तो जाम असेल किंवा झिजून नुसता फिरत असेल तर बाकी सगळं चांगलं असून उपयोग नाही. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर, दाबून वाजवलीत. ॲम्पला जोडून पिकअपवर, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकी भागावर, स्क्रूड्रायव्हरने टकटक केलंत. पॉट (नॉबखालचे भाग) खरखरत होते, जॅक (वायर खोचायची जागा) सैल होता. त्या मुलाचा चेहरा पडला, पण तुम्ही मला हळूच म्हणालात, "हे किरकोळ, घे."

त्यानंतर मी यादी घेऊन तुमच्याकडे आलो. नवे पिकअप, नवे ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), नवा ब्रिज (तारांचं खालचं टोक बसतं तो भाग). यादीची बेरीज गिटारच्या किमतीच्या वर जात होती. तुम्ही कानावरची पेन्सिल काढून तिन्हींवर रेघ मारलीत. "राव रे पुता, इतली घाय कित्याक?" (थांब रे बाळा, इतकी घाई कशाला?) आधी सेटअप, म्हणजे आहे तीच गिटार नीट जुळवून घे, मग ऐक, आणि त्यानंतरही खुपत असेल तेवढंच बदल.

सेटअपमधला नटचा भाग मला अजून जसाच्या तसा दिसतो. हा नट म्हणजे ट्रस रॉडचा नव्हे, हेडस्टॉकपाशी तारा जिथून जातात ती प्लॅस्टिकची पट्टी. तिच्या खाचा कारखान्यात उथळ सोडलेल्या होत्या. तुम्ही तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून मला पहिल्या फ्रेटवरची फट दाखवलीत. केसाएवढी हवी, तिथे ती चक्क त्याच्या कितीतरी पट होती. म्हणून नटजवळच्या फ्रेटवरचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) चढे लागायचे: तार दाबताना ती जास्त ताणली जायची. आणि ट्यून करताना तिसरी तार "टिंग" करून एकदम पुढे उडी मारायची, ती खाचेत अडकून बसत होती म्हणून. ट्यूनर बदलून यातलं काहीच सुटलं नसतं. तुम्ही हाडाचा तुकडा घासून नवा नट केलात, तारेच्या जाडीच्या बारीक कानशीने एकेक खाच उतरवलीत, दोन घास मारायचे की पुन्हा तार बसवून बघायचं. खाच हेडस्टॉकच्या बाजूला किंचित उतरती ठेवलीत. शेवटी खाचांमध्ये त्याच पेन्सिलीचं शिसं फिरवलंत. ट्यूनर जुनेच राहिले, आणि तार गुंडाळताना वेढे एकाखाली एक नीट घेतले की ते सूर धरतात हे तेव्हा कळलं.

नेकचा बाक बघायची तुमची रीतही सांगून ठेवतो, इतरांना उपयोगी पडेल. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबायचा, मग मध्ये सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट राहायला हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड पाव वळसा आवळायचा आणि लाकडाला एक रात्र द्यायची. आपल्याकडच्या पावसात ही फट बदलते, त्यामुळे जूनमध्ये गिटार बिघडली म्हणून कुणी रडत आला की तुम्ही आधी ॲलन कीच काढता.

मींडेचं कोडं तुम्ही ज्या तऱ्हेने सोडवलंत त्याला माझा दंडवत. स्ट्रॅटचा ब्रिज स्प्रिंगांवर तरंगतो. एक तार खेचली की ब्रिज पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात. अभंगात मागे एक खुली तार षड्ज धरून असते, ती मींडेबरोबर उतरली की सगळा जीव जातो. मी यासाठीच नवा ब्रिज घेणार होतो. तुम्ही मागची झाकणपट्टी काढलीत, स्प्रिंगांच्या हुकाचे दोन स्क्रू आवळून ब्रिज लाकडावर घट्ट टेकवलात. खर्च शून्य. हलका ९ ते ४२ चा (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारसंच लावलात, आणि इंटोनेशन, म्हणजे वरपर्यंत सूर खरा लागण्याची जुळणी, मात्र माझ्याकडूनच करून घेतलंत. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्याच हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेल्या सुरापेक्षा) चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचा त्या तारेचा टेकू, मागे, उतरा असेल तर पुढे. आमची जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरापेक्षा थोडी चढी आहे, तेव्हा सूर मोजायच्या ट्यूनर-यंत्राचाच मूळ सूर पेटीप्रमाणे वर सरकवून ठेव, ही युक्ती मला सुचलीच नसती. पेटी आणि गिटार आता भांडत नाहीत.

आवाजाचा चिकट प्रश्न उरला होता. गिटार देवळाच्या मांडवात लावली की घूं करायची, वर चिरचिरही. तुम्ही सांगितलंत की ही दोन वेगळी दुखणी आहेत. चिरचिर आसपासच्या वायरिंगमधून आणि दिव्यांमधून येते, तिला आतल्या पोकळीत तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थिंगला जोडली की बराच अटकाव होतो. घूं ही विजेच्या ५० हर्ट्झची, सिंगल कॉइलमध्ये (एकाच गुंडाळीच्या पिकअपमध्ये) चुंबकीय रीतीने शिरणारी. तिला तांब्याची पट्टी काही करत नाही. तिच्यासाठीच गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ च्या सुमारास उलट्या गुंडाळीच्या दोन कॉइल जोडून हंबकर हा पिकअप काढला. मी लगेच हंबकरची किंमत विचारली. तुम्ही उत्तर दिलं नाहीत, नुसता स्विच मधल्या आणि मागच्या पिकअपच्या जोडीवर सरकवलात. घूं जवळजवळ गप्प. माझ्या गिटारमधला मधला पिकअप मुळातच उलट गुंडाळीचा होता. म्हणजे ज्यासाठी मी पैसे मोजायला निघालो होतो ते पिकगार्डाखाली (पुढच्या प्लॅस्टिकच्या झाकणाखाली) आधीपासून बसलेलं होतं. तेव्हापासून मांडवात मी स्विच त्याच जागेवर ठेवून वाजवतो.

पिकअपची उंचीही त्याच दिवशी उतरवलीत. जाड तारा पिकअपजवळच्या फ्रेटवर एकाच वेळी दोन सूर बोलल्यासारख्या वाजत, ते चुंबक तारेला खेचत होतं म्हणून. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली दोन मिलिमीटर, पातळ तारेखाली थोडं कमी. एका स्क्रूड्रायव्हरचं काम. लोक एवढ्यावरून पिकअप फेकून देतात!

बदललं ते खरोखर खराब होतं तेवढंच: पॉट, स्विच, जॅक. सिंगल कॉइलला २५० के (किलो-ओहम) चे पूर्ण आकाराचे पॉट. त्यांचा दांडा जाड, पिकगार्डाची भोकं लहान. मी ड्रिल उचललं तर तुम्ही ते हातातून काढून घेतलंत आणि रीमर (भोक हळूहळू मोठं करायचं हत्यार) दिलात, ड्रिलने प्लॅस्टिक तडकतं म्हणून. सोल्डरिंग मला करायला लावलंत. आधी वायरला टिन, म्हणजे सोल्डरचा पातळ थर चढव, मग पॉटच्या पाठीला कानस मारून खरखरीत कर, मग दोन्ही तापव आणि सोल्डर आपण होऊन वाहू दे. माझा पहिला जोड बघून तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त तो ओढून तोडलात. दुसरा राहिला. मजुरी चोख घेतलीत हेही बरं केलंत. फुकट काम करून घेतलं असतं तर पुन्हा यायला मला संकोच वाटला असता.

नव्या पिकअपचे वाचलेले पैसे तुमच्या सांगण्यावरून वापरलेल्या पण बऱ्या स्पीकरच्या ॲम्पमध्ये गेले. आवाजात सगळ्यांत मोठा फरक त्यानेच पडला, हे मी आता इतरांना स्वतःचंच मत असल्यासारखं सांगतो. माफ करा.

एका गोष्टीवर आपलं अजून जमलेलं नाही. तुम्हाला टोनचा नॉब पूर्ण उघडा आवडतो. माझ्या कानाला अभंग अर्ध्यावर गोड लागतो. बाबांचं मत माझ्या बाजूने आहे, आणि पेटीवाल्याचा कान म्हणून ते मोजावंच लागेल.

गिटारच्या पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आहेत, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसतो, तरी पावसाने दोन पातळ तारांना गंज धरलाच आहे. चतुर्थीच्या आरत्या आटोपल्या की नवा संच घेऊन येतो. बरोबर आमच्या भजनी मंडळातल्या तबलजीचा मुलगा असेल. त्यालाही नवे पिकअप हवे आहेत. पेन्सिल कानावर ठेवा.

आपला,
डिचोलीचा पेटीवाल्यांचा मुलगा