डायना म्हणजे केवळ ‘वेताळाची प्रेयसी’ नव्हे

प्रति,
मा. संपादक,
रविवार पुरवणी विभाग

विषय : ‘इंद्रजाल’वरील लेखातील डायना पामरचा उल्लेख

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील, वेताळाच्या (मूळ इंग्रजीतला बुरखाधारी अरण्यनायक ‘फँटम’) चित्रकथा आपल्याकडे छापणाऱ्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’वरचा लेख वाचला. मार्च १९६४ मधला पहिला अंक, बी. गोविंद यांनी रंगवलेली मुखपृष्ठे, वेताळाच्या मूळच्या ‘बंगाला’ या काल्पनिक देशाचे आपल्याकडे डेंकाली आणि सिंग चाच्यांचे सिंगा कसे झाले, हे सारे लेखकाने मन लावून लिहिले आहे. त्याबद्दल त्यांचे आभार. लेखात वेताळाचा मित्र गुर्रन याला, त्याच्या घोड्याला, लांडग्याला आणि कवटीच्या अंगठीला एकेक परिच्छेद मिळाला आहे. डायना पामरच्या वाट्याला मात्र अर्धे वाक्य आले असून, ‘वेताळाची प्रेयसी, जिला दर दोन अंकांआड कुणीतरी पळवून नेत असे’ एवढीच तिची ओळख करून दिली आहे. घोड्याला परिच्छेद आणि डायनाला अर्धे वाक्य, हा हिशेब मला पटला नाही, म्हणून हे पत्र.

वेताळाची चित्रकथा अमेरिकेतील वृत्तपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू झाली. त्या पहिल्याच दिवसाच्या पट्टीत डायना आहे. वेताळ त्यानंतर अवतरतो. दूरच्या समुद्रावरून अंबर घेऊन ती न्यूयॉर्ककडे निघाली आहे आणि त्या मालावर चाच्यांचा डोळा आहे, अशी ती सुरुवात. (अंबर म्हणजेच व्हेल माशाची उलटी. ती बाळगल्याबद्दल आमच्या कोकणात माणसे पकडल्याच्या बातम्या आपल्याच अंकात येत असतात, तेव्हा तिचे मोल वाचकांना वेगळे सांगायला नको.) त्याहून गमतीची गोष्ट अशी, की कथाकार ली फॉक यांनी तेव्हा वेताळ नेमका कोण हेदेखील पक्के केलेले नव्हते. डायनाच्या ओळखीतला जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत, आरामात जगणारा तरुणच बुरख्याआडचा माणूस निघेल, असा त्यांचा आधीचा बेत होता. कथा छापून येत असतानाच त्यांनी तो बदलला आणि वेताळाला अरण्य, कवटीची गुहा आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा दिला. म्हणजे नायकाचा पत्ता ठरायचा होता, तेव्हा डायना मात्र आपल्या स्वभावासकट उभी होती. अशा व्यक्तिरेखेला ‘प्रेयसी’ म्हणून मोकळे होणे मला तरी जमत नाही.

पुढे फॉक यांनी वेताळाचे बालपण रंगवले, तेव्हा अमेरिकेत शिकायला आलेला छोटा किट वॉकर (म्हणजे पुढचा वेताळ) आणि छोटी डायना यांची तिथेच गट्टी जमते, असे दाखवले. ती कथा गोड आहे, परंतु तिने डायनाचे नुकसानच केले असे मला वाटते. १९३६ मध्ये ती एका अनोळखी, बुरखा घातलेल्या माणसाला भर संकटात भेटते आणि त्याच्याविषयीचे आपले मत आपण बनवते. बालमैत्रीच्या कथेनंतर मात्र ती वाचकांच्या मनात लहानपणापासून एकाचीच वाट पाहत बसलेली मुलगी होऊन बसली.

ती बसलेली कधीच नव्हती. पाण्यात सूर मारण्यात तिने ऑलिंपिक पदक मिळवले होते, रुग्णसेवेचे शिक्षण घेतले होते आणि पुढे ती संयुक्त राष्ट्रसंघाच्या कामासाठी देशोदेशी फिरत असे. वाट पाहण्याचेच म्हणाल, तर ती दोघेही पाहत होती. चौकड्यांचा ओव्हरकोट, हॅट आणि काळा चष्मा घालून, लांडग्याला कुत्र्यासारखे सोबत घेऊन हा ‘मिस्टर वॉकर’ पामरांच्या दारात उभा राही, तेव्हा डायनाचे अंकल डेव्ह त्याचे मनापासून स्वागत करीत आणि डायनाच्या आईच्या कपाळाला आठ्या पडत. मुलाचे घर कुठे, तो करतो काय, त्याची माणसे कोण, हे त्या माउलीचे प्रश्न आपल्याकडच्या कोणत्याही आईने विचारले असते आणि त्यांतल्या एकाचेही धड उत्तर त्या बिचाऱ्याला देता येत नसे. वेताळाची पत्रे जिथे येत, ती टपालपेटी क्रमांक ७ हा काही स्थळाचा पत्ता नव्हे!

लग्न व्हायला १९७७ चा डिसेंबर उजाडला. फॉक यांचाच दुसरा नायक, जादूगार मँड्रेकही आपला सोबती लोथार याला घेऊन त्या लग्नाला आला होता. पहिल्या पट्टीपासून मोजले तर एक्केचाळीस वर्षे झाली होती आणि एवढ्या काळात दोघांचाही केस पांढरा झाला नव्हता, हे चित्रकथेचे भाग्य. १९७९ मध्ये किट आणि हेलॉइज ही जुळी मुले झाली. लग्नानंतर गुहेत राहायला आलेल्या डायनाने आपली नोकरी सोडली नाही, ही गोष्ट मला त्या वयात फार मोठी वाटली होती. त्याच सुमारास आमच्या नात्यातल्या दोन शिक्षिका लग्न ठरल्याबरोबर राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

तिला पळवून नेत, हे खरेच आहे. लेखकाने ते खोटे लिहिलेले नाही. माझे थोरले बंधू इंद्रजालचे अंक जमवत. टाचण्या काढून, दहा-दहा अंक दाभणाने शिवून, खाकी कागदाचे पुठ्ठे चढवून त्यांनी त्यांचे खंड केले होते आणि एका लांबट वहीत नोंदी ठेवल्या होत्या. क्रमांक, कथा, खलनायक, ठिकाण आणि शेवटी ‘शेरा’, असे त्या वहीतले रकाने. डायना त्या सबंध वहीत फक्त शेऱ्याच्या रकान्यात सापडते : ‘डायनास पळवली’, ‘डायना पुन्हा पळवली’, आणि एके ठिकाणी दादांचा धीर सुटून नुसतेच ‘पुन्हा’. कथा पुढे रेटायला दुसरे काही सुचले नाही की तिला उचलायचे, ही सवय कथाकारांना लागलेलीच होती. फॉक १९९९ मध्ये गेले, तरी ती सुटली नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या एका लांबलचक कथेत डायना घातपातात मेली असे वेताळाला भासवले जाते आणि ती मात्र परक्या देशाच्या तुरुंगात खितपत असते. मात्र हा दोष लिहिणाऱ्यांचा आहे, डायनाचा नव्हे. आपल्या लेखकांनी तो तिच्या खात्यावर टाकला आहे.

आणखी एक गोष्ट लेखात यायला हवी होती. वेताळाचा चेहरा पाहील त्याला भयंकर मरण येते, अशी त्या अरण्यातली जुनी म्हण आहे आणि वाचकालाही त्याचे डोळे कधी दाखवले जात नाहीत. तो चेहरा डायना रोज पाहते. सिंहासनावरचा गंभीर वेताळ तिच्यासमोर चेष्टामस्करी करतो, रुसतो, कधी चक्क गोंधळतो. ती नसती, तर त्या जांभळ्या पोशाखाच्या आत माणूस आहे हे आम्हा वाचकांना कळायला मार्गच नव्हता.

वेताळांच्या पिढ्यांतल्या सतराव्या वेताळाची जुळी बहीण ज्युली, जिने काही काळ स्वतःच तो पोशाख चढवला, आणि आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’ या चित्रकथेमधली बेला या दोघींचाही लेखात उल्लेख नाही. जागेची अडचण मी समजू शकते. तरी पुढे या विषयावर पुन्हा लिहिण्याचा योग आल्यास या तिघींसाठी थोडी जागा राखावी, ही विनंती.

जाता जाता एक वैयक्तिक विचारणा. दादांच्या खंडांमध्ये वेताळाच्या लग्नाच्या कथेचा मराठी अंक नाही. वहीत त्या जागी पेन्सिलीने केवळ ‘आणणे’ असे लिहिलेले आहे. आपल्या कोणा वाचकाकडे तो अंक असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. अंक विकत देण्याचा आग्रह नाही. छायाप्रत मिळाली तरी पुरेल.

आपली,
एक जुनी वाचक,
रत्नागिरी