चष्म्याच्या चिठ्ठीवर ‘पीडी’ मागा

महोदय,
चष्मा नवी पेठेत घ्या की सात रस्त्याला, स्वस्तातली काच बहुधा ठीक असते. चुकते ते माप. मशीनवर निघालेला नंबर हा नुसता अंदाज. त्यानंतर ट्रायल फ्रेममध्ये भिंगे बदलत, एकेक डोळा झाकून तक्ता वाचून घेतलाच पाहिजे. चिठ्ठीवर सिलिंडर (तिरप्या नंबराचे माप), अ‍ॅक्सिस (त्याचा कोन) यांसोबत पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर, मिलिमीटरमध्ये लिहून मागा. मोठ्या माणसांत ते साधारण ५४ ते ७४ असते. ते चुकले की भिंगाचा मध्य सरकतो, डोके दुखते आणि दुकानदार म्हणतो, ‘आठ दिवसांत सवय होईल’! प्रोग्रेसिव्हसाठी, म्हणजे दूरचे-जवळचे दोन्ही नंबर असलेल्या बिनरेषेच्या भिंगासाठी, निवडलेली फ्रेम चेहऱ्यावर बसवूनच बाहुलीच्या उंचीची खूण करायला लावा. मधुमेह्यांनी साखर वरखाली होत असताना नंबर काढू नये. तो टिकत नाही.

– एक ऑप्टोमेट्रिस्ट, सोलापूर