चोवीस तास एकत्र, तेही पाठीवर सॅक घेऊन

ताम कोक, व्हिएतनाम
जून

प्रिय सुमे,

‘नवराबायको भांडलात का?’ एवढाच तुझा मेसेज. उत्तर तिथे मावणारं नाही, म्हणून हे पत्र. भांडलो. पैशांवरून मात्र नाही. इथे एका रुपयाचे साधारण ३०० डाँग होतात, शहाळ्याचा हिशेबसुद्धा हजारांत, आणि बोलताना लोक शेवटची तीन शून्यं गिळून टाकतात. ते आकडे ऐकून ह्याचं डोकं गरगरायला लागलं, तेव्हा खजिना आपसूक माझ्याकडे आला.

भांडण झालं ते हनोईत रस्ता ओलांडण्यावरून. स्कूटरींचा लोंढा थांबतच नाही. युक्ती अशी की एकदा पाऊल टाकलं की त्याच संथ चालीनं पुढे जात राहायचं. थांबायचं नाही, मागे फिरायचं नाही, पळायचं तर अजिबातच नाही. तुमची चाल बघून तेच वळून जातात. मला पहिल्याच सकाळी जमलं. लक्ष्मी रोडवर जन्म गेलाय माझा! हा मात्र मध्येच बिचकून उभा. सह्याद्रीतले किल्ले पालथे घातलेला माणूस होआन कीम तळ्याच्या काठी माझा दंड घट्ट धरून उभा राहिला, आणि मला हसू आवरेना. दुपारपर्यंत अबोला.

तो सुटला हांग मा गल्लीत. जुन्या शहरातल्या गल्ल्या धंद्यांवरून ओळखल्या जातात. चांदीची वेगळी, रेशमाची वेगळी, आणि ही कागदाची. पितरांसाठी जाळायच्या वस्तू इथे मिळतात. डॉलरच्या नोटांची बंडलं, बूट, मोबाईल, आख्खी स्कूटर, सगळं कागदी. एका शर्टाच्या घडीत कागदी टायही व्यवस्थित खोचलेला होता. हा बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “आबांसाठी इथे रेडिओ मिळेल का गं?” मिळाला नाही. पण त्यानंतर रस्ता ओलांडताना मी पुढे आणि हा मागे, हे ठरून गेलं.

कॉफीबद्दल तुला लिहायलाच हवं. १९४६ साली दुधाची टंचाई असताना तिथल्या मेट्रोपोल हॉटेलातल्या एका माणसानं अंड्याचा बलक फेटून कॉफीवर घातला. त्याचं पुढे दुकान झालं, ते अजून चालू आहे. बलक, साखर आणि कंडेन्स्ड मिल्क यांचा दाट फेस, खाली कडू काळी कॉफी. मी अंडं खात नाही हे तुला माहीतच आहे. ह्यानं दोन कप रिचवले आणि वर मला वर्णन ऐकवलं. माझ्या जेवणाचे हालच होते, कारण बिनमांसाच्या भाजीतसुद्धा माशाचा सॉस असतो. पण पौर्णिमा मला पावली! अमावास्या-पौर्णिमेला इथले कितीतरी लोक शाकाहार पाळतात, त्यामुळे त्या दिवशी गल्लोगल्ली माझ्यासाठी ताट वाढलेलं. टोमॅटोच्या रसातलं तोफू आणि लसणीवर परतलेली नाळीची भाजी. मी दोनदा भात घेतला.

वान मिउ हे १०७० साली उभारलेलं विद्येचं मंदिर. जुन्या राजपरीक्षेत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेल्या ८२ शिळा तिथे दगडी कासवांच्या पाठीवर आहेत. परीक्षेआधी मुलं कासवाच्या डोक्यावरून हात फिरवायची. आता कठडा घातलाय, तरी मुलं आणि त्यांच्या आया हात जोडून उभ्या असतातच. आपल्याकडची बारावीची आई मला तिथेही दिसली. इतर देवळांबद्दल लिहीत नाही, ती भराभर पाहिली.

मग गाडीनं निन्ह बिन्ह. मीटरगेज, दोन-अडीच तास. तिथून जवळच्या होआ लू इथे ९६८ ते १०१० देशाची राजधानी होती. लहानपणी म्हशी राखणाऱ्या दिन्ह बो लिन्ह यानं तिथे राज्य उभारलं, आणि पुढे ली राजघराण्यानं राजधानी हनोईला नेली. आम्ही उलट्या वाटेनं आलो, आणि इथे पुढारीपणही उलटलं. सायकली भाड्यानं घेतल्या नि हा पुढे सुटला.

सुमे, तू ह्याला त्या शेतात बघायला हवं होतंस. तिकडे कोकणात मिरगाला दाढ टाकायची, म्हणजे रोपांसाठी भाताचं बी पेरायची घाई, आणि इथे पिकलेलं पिवळंधमक भात उभं, त्यातून चुनखडीचे काळे कडे वर आलेले. वर्षातली दोन पिकं, त्यातलं हे पहिलं. डांबरी रस्त्यावर भात वाळत घातलेलं, मोटारी त्याच्या कडेनं जातात. एक म्हातारी अनवाणी पायानं रेघा ओढत दाणे उलथत होती. ह्यानं चपला काढल्या आणि तिच्या शेजारच्या पट्ट्यात तसंच पायानं भात उलथायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण तिनं त्याला एकदाही थांबवलं नाही. मी सावलीत बसून दोघांना बघत होते.

होडीत मात्र ह्याची फजिती झाली. ताम कोकच्या बायका मागे रेलून पायानं वल्हवतात. वल्ह्यांवर पावलं टेकवायची आणि सायकलच्या पायडलसारखे पाय फिरवत राहायचं. तीन गुहांखालून नदी जाते, सगळ्यांत लांब गुहा १२७ मीटरची. “मी खाडीकाठचा आहे,” असं मराठीतच सांगून ह्यानं वल्हं मागितलं. होडी गोल फिरली. ती बाई तोंडावर टोपी धरून हसली, आणि ह्या वेळी हाही हसला.

तुम्ही दिवाळीत येणार असाल तर हवा छान असेल, पण तोवर दुसरं पीकही कापून झालेलं असेल. सोनेरी भात पाहायचं तर मेअखेर या, आणि उकाड्याची तयारी ठेवा. ‘हा लाँग’ उपसागरातली क्रूझ सोडलीत तरी माझ्या मते काही बिघडत नाही. डोंगर तसेच, इथे ते भातात उभे आहेत, आणि पैसे कितीतरी कमी पडतात. सॅक मात्र आपापली उचलता येईल एवढीच भरा. भाऊजींना मुद्दाम सांग!

उद्या मुआ डोंगराच्या पाचेकशे पायऱ्या आहेत, गजर साडेचारचा. तुळशीला पाणी घालतेस ना? गच्चीतल्या मोगऱ्याला फक्त संध्याकाळी घाल, दुपारी नको. मावशींना नमस्कार.

तुझी,
मंजू