दहिसर नदीला नाला म्हणू नका

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की नालेसफाईच्या चर्चेत आमची दहिसर नदीही ओढली जाते, तेव्हा वाईट वाटतं. तुळशी तलावाकडून निघून, राष्ट्रीय उद्यानातून वाहत मनोरीच्या खाडीला मिळणारी ही नदी आहे.

गेल्या श्रावणात नातीला घेऊन उद्यानात गेलो होतो. पाण्याचा तळ स्वच्छ दिसत होता. तिने एक दगड उचलला, तर खालून बोटाच्या पेराएवढा खेकडा निघाला आणि तिरपा पळत उंबराच्या मुळांत शिरला. परतताना दहिसरच्या पुलावर थांबलो. खाली काळं पाणी, शेण, प्लास्टिकच्या पिशव्या. "आजोबा, ही दुसरी नदी ना?" तिने विचारलं. मला उत्तर देववेना.

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हापासून पुराची धास्ती आहे, हे खरं. पण काठाला नुसत्या काँक्रीटच्या भिंती घालून पाणी मुरणार कुठे? डोंगरउतारावरचे बारीक ओहोळ, पाड्यांजवळची ओलसर जमीन, हा सगळा पाणलोट म्हणजेच नदी. ओहोळ बुजवला की त्याचं पाणी कुणाच्या तरी घरात शिरतंच.

महापालिकेने आधी तबेल्यांचं शेण आणि वस्त्यांचं सांडपाणी नदीत येणं थांबवावं. आणि जिथे काठ अजून मातीचा आहे, तिथे कृपया भिंत बांधू नये.

— एक ज्येष्ठ वाचक, दहिसर